पेन-अ-बेर्थची आग आणि लंडनला नेलेला खटला

८ सप्टेंबर १९३६ रोजी, उजाडायच्या आत, उत्तर वेल्समधल्या पुल्हेली गावच्या पोलीस ठाण्यात तीन गृहस्थ शिरले. एक कॉलेजात वेल्श साहित्य शिकवणारे, दुसरे बॅप्टिस्ट चर्चचे धर्मोपदेशक, तिसरे शाळामास्तर. तिघांचीही चाळिशी उलटलेली. जिल्ह्याच्या पोलीसप्रमुखांच्या नावाने लिहून आणलेलं पत्र त्यांनी पुढे केलं. जवळच पेन-अ-बेर्थ इथे हवाई दलाच्या बॉम्बफेक प्रशिक्षण केंद्राचं बांधकाम सुरू होतं. तिथल्या शेडना आणि इमारती लाकडाला आम्ही आग लावली आहे, याची जबाबदारी पूर्णपणे आमची आहे, असा त्या पत्राचा आशय होता. पोलिसांना आगीची खबर मिळाली ती आग लावणाऱ्यांकडूनच.

आग तशी मोठी नव्हती. कोणाचा जीव गेला नाही. काम थोडे दिवस रखडलं, मग पुन्हा सुरू झालं, आणि १९३७च्या फेब्रुवारीत तळ रीतसर चालूही झाला. केंद्र रोखणं हा हेतू धरला तर हा प्रयत्न सपशेल फसला. तरीही दोन महायुद्धांच्या मधल्या वेल्सच्या सार्वजनिक जीवनात या घटनेइतकं खोलवर काहीच रुतलं नाही. असं का झालं, हा या प्रकरणातला खरा प्रश्न आहे. माझ्या मते त्याचं उत्तर आगीपेक्षा खटल्यात जास्त सापडतं, त्यातही तो कुठे चालवला गेला यात.

केंद्र लीनलाच का आलं

जर्मनीच्या वाढत्या ताकदीमुळे १९३५ पासून ब्रिटनने हवाई दल झपाट्याने वाढवायला घेतलं होतं. वैमानिकांना बॉम्बफेकीचा सराव देण्यासाठी किनाऱ्यालगतच्या मोकळ्या जागा हव्या होत्या. आधी इंग्लंडमधल्या जागा पाहिल्या गेल्या. डॉर्सेटमधलं अ‍ॅबट्सबरी हे हंसांच्या वीणीचं जुनं ठिकाण, तिथे विरोध झाला. नॉर्थम्बरलंडच्या होली आयलंड परिसरात पाणपक्ष्यांचा आणि प्राचीन धर्मस्थळाचा मुद्दा निघाला. पक्षीप्रेमी आणि इतिहासप्रेमी इंग्रजांचं म्हणणं सरकारने ऐकून घेतलं आणि त्या जागा सोडून दिल्या. मग नजर गेली ती लीन द्वीपकल्पाकडे.

लीन म्हणजे वेल्सच्या वायव्येला समुद्रात घुसलेला जमिनीचा चिंचोळा पट्टा. इथे रोजचा सगळा व्यवहार वेल्शमध्ये चाले. बाजारातला सौदा वेल्शमध्ये, चर्चमधली प्रार्थना वेल्शमध्ये, भांडणंही वेल्शमध्ये. द्वीपकल्पाच्या टोकासमोर एन्ली बेट आहे. मध्ययुगात तिथे यात्रेकरू जात, आणि त्या यात्रेच्या वाटेवरचं पेन-अ-बेर्थ हे एक जुनं घर. कवींना आश्रय देणारं घर म्हणूनही त्याची आठवण जपलेली होती. केंद्रासाठी ते घर पाडण्यात आलं.

हंसांसाठी लंडनचं मन द्रवलं, पण एका भाषेच्या उरल्यासुरल्या घरासाठी द्रवलं नाही, ही खंत त्या वर्षी वेल्समध्ये वारंवार बोलून दाखवली गेली. त्यात अतिशयोक्ती नव्हती. १९३१च्या जनगणनेत वेल्श बोलणारे ९,०९,२६१ भरले, म्हणजे लोकसंख्येच्या ३६.८ टक्के. वीस वर्षांपूर्वी, १९११ मध्ये, हे प्रमाण ४३.५ टक्के होतं. दर जनगणनेला आकडा घसरत असताना जिथे भाषा अजून निर्धास्त नांदत होती अशा मोजक्या भागांत लीन होतं. तिथे बाहेरून सैनिक, कंत्राटदार आणि इंग्रजी बोलणारा नोकरवर्ग आणून बसवायचा, हे एका तळापुरतं राहणारं नव्हतं.

विरोध केवळ साहित्यिकांचा होता असंही नाही. चर्च, स्थानिक संस्था, मंडळं अशा शेकडो ठिकाणांहून निषेधाचे ठराव झाले. जवळपास पाच लाख लोकांच्या वतीने बोलणाऱ्या शिष्टमंडळाने पंतप्रधान स्टॅन्ली बाल्डविन यांची भेट मागितली. बाल्डविन यांनी भेट नाकारली. मागणी फेटाळणं वेगळं आणि म्हणणं ऐकून घ्यायलाच नकार देणं वेगळं. पुढे जे घडलं त्याचं बीज मला या नकारात दिसतं.

पुल्हेलीचे बेकार

पण दुसरी बाजू झाकून ठेवली तर हे प्रकरण खोटं पडेल. १९३६चं वेल्स म्हणजे मंदीने खंगलेला देश होता. विमाधारक कामगारांत दर तिघा-चौघांमागे एक जण बेकार होता. १९२१ ते १९४० या काळात चार लाखांहून अधिक माणसं पोटासाठी वेल्स सोडून गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरात राजे आठवे एडवर्ड दक्षिणेतल्या डौलाइसला आले, बंद पडलेला पोलाद कारखाना आणि त्यासमोर उभे असलेले बेकार कामगार त्यांनी पाहिले आणि यासाठी काहीतरी केलंच पाहिजे, असं बोलून गेले. महिन्याभरात त्यांनी गादीच सोडली.

अशा दिवसांत पुल्हेलीच्या मजुराला बांधकामाचं काम म्हणजे घरी येणारा आठवड्याचा पगार होता. मे १९३६ मध्ये गावात केंद्राविरुद्ध मोठी सभा झाली, तेव्हा स्थानिक समर्थकांच्या गटाने आरडाओरड करून ती उधळायचा प्रयत्न केला. या लोकांना भाषेचे शत्रू ठरवणं सोपं आहे, पण ते न्यायाचं नाही. ते स्वतः वेल्शच बोलत होते. भाषा टिकायची तर ती बोलणाऱ्याला गावात राहून पोट भरता आलं पाहिजे, हा त्यांचा युक्तिवाद कोणी शब्दांत मांडला नसेल, पण त्यांच्या आरडाओरडीत तो होता. आग लावणाऱ्यांकडे त्याचं समाधानकारक उत्तर नव्हतं, असं मला वाटतं.

तिघे कोण होते

सॉन्डर्स लुइस, लुइस व्हॅलेंटाइन आणि डी. जे. विल्यम्स हे तिघेही वेल्श राष्ट्रीय पक्षाचे. हाच आजचा प्लाइड कम्री. १९२५ साली याच पुल्हेलीत, राष्ट्रीय आइस्टेदव्हॉडच्या आठवड्यात, मूठभर माणसांनी हा पक्ष स्थापन केला होता. आइस्टेदव्हॉड म्हणजे काव्य, संगीत आणि वक्तृत्वाच्या स्पर्धांचा वार्षिक राष्ट्रीय मेळा, वेल्श सार्वजनिक जीवनाचा कणा. व्हॅलेंटाइन पक्षाचे पहिले अध्यक्ष. १९२९ मध्ये पक्षाने पहिली निवडणूक लढवली तेव्हा उमेदवार तेच होते आणि त्यांना ६०९ मतं पडली. निवडणुकीच्या हिशेबात हा पक्ष १९३६ सालीही नगण्यच होता.

सॉन्डर्स लुइस १९२६ पासून पक्षाचे अध्यक्ष होते. जन्म इंग्लंडात, लिव्हरपूलशेजारच्या वॉलसी गावी स्थायिक वेल्श कुटुंबात. पहिल्या महायुद्धात सैनिक. पुढे नाटककार, समीक्षक आणि स्वान्सी युनिव्हर्सिटी कॉलेजात वेल्शचे अध्यापक. १९३२ मध्ये ते कॅथलिक झाले, आणि प्रोटेस्टंट चॅपलांच्या मुशीतून घडलेल्या वेल्श समाजाला ते कायम थोडे परके, थोडे संशयास्पद वाटत राहिले. बुद्धी धारदार, लिहिणं चोख, सामान्य माणसाशी सहज मिसळणं मात्र जमत नसे. व्हॅलेंटाइन याच्या उलट. लॅन्डिड्नोच्या बॅप्टिस्ट चॅपलचे लोकप्रिय धर्मोपदेशक, महायुद्धात वैद्यकीय पथकात जखमींची शुश्रूषा करता करता युद्धाचा तिटकारा घेऊन परतलेले. डी. जे. विल्यम्स सर्वांत वडील, तेव्हा ५१ वर्षांचे. तरुणपणी दक्षिणेतल्या कोळसा खाणीत राबलेले, नंतर शिकून फिशगार्डच्या शाळेत मास्तर झालेले आणि माणसांवर मायेने लिहिणारे कथाकार.

या तिघांना एकत्र आणणारं सूत्र एकच नव्हतं, हे लक्षात घ्यायला हवं. व्हॅलेंटाइन यांच्यासाठी हा युद्धविरोधाचा प्रश्न होता. वेल्समध्ये त्या भावनेला मोठा आधार होता. १९२३ साली ३,९०,२९६ वेल्श महिलांनी अमेरिकेतल्या महिलांना उद्देशून जागतिक शांततेच्या विनंतीपत्रावर सह्या केल्या होत्या. लुइस शांततावादी नव्हते. त्यांचा मुद्दा राष्ट्राचा, भाषेचा आणि भूमीचा होता, आणि निरपराध नागरिकांवर बॉम्ब टाकण्याचं शिक्षण देणं हा नैतिक नियमाचा भंग आहे, याचा. शिवाय १९३६ हे साल १५३६च्या विलीनीकरण कायद्याचं चारशेवं वर्ष होतं. त्या कायद्याने वेल्सला इंग्लंडच्या कायद्याखाली आणलं, न्यायालयाची भाषा इंग्रजी ठरवली आणि वेल्श बोलणाऱ्याला सरकारी पदाचं दार बंद केलं. चार शतकांनंतरही ते कलम कायद्यात होतं.

बॉम्बफेकीच्या प्रश्नाचा एक धागा भारतापर्यंत येतो. निःशस्त्रीकरणाच्या वाटाघाटींत बॉम्बफेकी विमानांवर बंदीचा विचार चालू असताना ब्रिटनला ती विमानं साम्राज्याच्या सीमांवरच्या टोळ्यांविरुद्ध हवी होती. तेव्हाचे हवाईमंत्री लॉर्ड लंडनडेरी यांनी १९३५ मध्ये लॉर्ड्सच्या सभागृहात सांगितलं की, मध्यपूर्वेच्या आणि भारताच्या सीमेवरसुद्धा बॉम्बफेकी विमानांचा वापर राखून ठेवायला आपल्याला कमालीचे प्रयास पडले. पेन-अ-बेर्थला जी विद्या शिकवली जाणार होती, ती कोणाकोणावर चालवली जाते हे वेल्श विरोधकांना ठाऊक होतं.

कार्नार्व्हन

आग लावायला तिघांच्या जोडीला आणखी चौघे होते. त्यांची नावं त्या वेळी बाहेर आली नाहीत, कारण जबाबदारी तिघांनीच घ्यायची असं ठरलं होतं. एका गोष्टीवर मात्र शेवटपर्यंत वाद राहिला. रात्रपाळीच्या पहारेकऱ्याने साक्ष दिली की आपल्यावर हल्ला झाला. तिघांनी हे ठाम नाकारलं. आगीच्या ठिकाणी कोणी माणूस नाही याची खात्री केल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही असं त्यांचं म्हणणं होतं. प्रकरणाची जी गौरवगाथा पुढे तयार झाली तिच्यात या पहारेकऱ्याला फारशी जागा मिळाली नाही. ती मिळायला हवी होती.

१३ ऑक्टोबर १९३६ रोजी कार्नार्व्हनच्या न्यायालयात खटला उभा राहिला. बाहेर मोठी गर्दी लोटली. लुइस आणि व्हॅलेंटाइन यांनी आपला बचाव स्वतःच केला. लुइस यांनी ज्यूरीपुढे जे भाषण केलं त्याचा पायाच विलक्षण होता. आम्ही आग लावली हे आम्हाला मान्यच आहे, पहिली खबर आम्हीच दिली, असं त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं. म्हणजे वस्तुस्थितीवर वादच ठेवला नाही. मग उरलं काय? उरला एवढाच प्रश्न, की राज्याच्या कायद्याच्या वर एक नैतिक कायदा आहे का, आणि सनदशीर सगळे मार्ग संपल्यावर त्या कायद्याला अनुसरून केलेली कृती हा गुन्हा ठरतो का. ज्यूरीतल्या माणसांना त्यांनी थेट त्यांच्या सदसद्विवेकाशी नेऊन भिडवलं.

न्यायाधीशांनी सुनावणीत वेल्श भाषेला दिलेली तुच्छतेची वागणूक गावकऱ्यांच्या मनाला लागली. ज्या जिल्ह्यात बहुतेकांची मातृभाषा वेल्श, तिथल्याच न्यायालयात तिच्याकडे एक अडचण म्हणून पाहिलं जात होतं. ज्यांना आगीचा प्रकार पसंत नव्हता, अशा अनेकांना पहिल्यांदा या अपमानाने हलवलं.

ज्यूरी निर्णयासाठी आत गेली आणि बाहेर आली ती एकमत न होता. आरोपींनी गुन्हा कबूल केलेला, पुरावा समोर ठेवलेला, तरी ज्यूरी त्यांना दोषी म्हणायला तयार नाही! बाहेरच्या गर्दीने राष्ट्रगीत म्हणायला सुरुवात केली. निर्दोष सुटका झालेली नव्हती, खटला पुन्हा चालणार होता. पण कार्नार्व्हनच्या माणसांनी आपलं मत सांगून टाकलं होतं.

ओल्ड बेली

आता सरकारपुढे दोन वाटा होत्या. पुन्हा कार्नार्व्हनलाच किंवा वेल्समधल्या दुसऱ्या एखाद्या गावी खटला चालवायचा, आणि कदाचित पुन्हा हात हलवत परत यायचं. नाहीतर वेल्सच्या बाहेर न्यायचा. अ‍ॅटर्नी जनरलच्या अर्जावरून खटला लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात हलवला गेला. स्थानिक ज्यूरी पक्षपाती ठरेल ही सरकारची भीती कायद्याच्या भाषेत समजण्यासारखी आहे. राजकारणाच्या भाषेत मात्र याचा एकच अर्थ निघाला, की वेल्श माणसांवर वेल्श माणसांनी न्याय करावा एवढा विश्वास लंडनचा त्यांच्यावर नाही.

या एका निर्णयाने सरकारने हरत आलेल्या पक्षाला जिंकवून दिलं, असं माझं स्पष्ट मत आहे. तोवर वेल्समध्ये मतभेद होते. काहींना आग लावणं हा अतिरेक वाटत होता, काहींना लुइस यांचा कॅथलिकपणा खुपत होता, काहींना पुल्हेलीच्या मजुरांची काळजी होती. खटला लंडनला गेला आणि हे सगळे वाद मागे पडले. डेव्हिड लॉइड जॉर्ज, माजी पंतप्रधान आणि पुल्हेली ज्या मतदारसंघात येते तिथलेच खासदार, त्या वेळी जमैकात होते. त्यांनी तिथून मुलीला पाठवलेल्या पत्रात सरकारवर कडक शब्दांत राग काढला. हिटलर-मुसोलिनीसमोर नमणारं सरकार राज्यातल्या सर्वांत छोट्या देशावर मात्र हात उगारतं, असा त्यांच्या रागाचा रोख होता. या लॉइड जॉर्जना वेल्श राष्ट्रीय पक्षाबद्दल एरवी मुळीच प्रेम नव्हतं.

१९ जानेवारी १९३७ रोजी ओल्ड बेलीत खटला चालला. तिघांनी इंग्रजीत साक्ष द्यायला नकार दिला. ज्यूरीने दोषी ठरवलं, प्रत्येकाला नऊ महिन्यांची शिक्षा झाली आणि रवानगी वर्मवुड स्क्रब्ज तुरुंगात झाली.

स्वान्सीच्या कॉलेजने तर दोषी ठरण्याआधीच लुइस यांना नोकरीवरून काढून टाकलं होतं. यावर वेल्श साहित्यजगतात जी खळबळ झाली तिचं सर्वांत टोकदार रूप कवी आर. विल्यम्स पॅरी यांच्या लेखनात उतरलं. पॅरी हे राजकारणापासून अंग चोरून राहणारे, निसर्गकवी म्हणून ओळखले जाणारे. लुइस यांना एकटं टाकून सुखाने नोकऱ्या करणाऱ्या विद्वानांवर त्यांनी कविता लिहिल्या आणि त्यांचा सूरच पालटला. विल्यम्स यांना शाळेने परत घेतलं, व्हॅलेंटाइन यांच्यामागे त्यांचं चॅपल उभं राहिलं. सर्वांत मोठी किंमत लुइस यांनी मोजली. विद्यापीठात त्यांना पुन्हा जागा मिळाली ती १९५२ साली, कार्डिफला.

याच काळात एक गोष्ट अशी घडली की जी त्या वर्षातली सगळी विसंगती उघडी करते. लुइस यांनी बीबीसीसाठी पाचव्या शतकातल्या संत गारमॉनवर वेल्श पद्यनाटक लिहिलं होतं. ते २ मार्च १९३७ रोजी रेडिओवरून प्रसारित झालं, तेव्हा नाटककार लंडनच्या तुरुंगात होता. नाटकातलं एक पात्र आपला देश म्हणजे पूर्वजांनी आपल्या हाती सोपवलेला द्राक्षमळा आहे, तो लेकरांना आणि लेकरांच्या लेकरांना पोचता करायचा आहे, डुकरं त्यात घुसत आहेत, असं सांगून मित्रांना मदतीला हाक मारतं. वेल्श घराघरांत त्या रात्री ते शब्द ऐकले गेले, आणि कोण बोलतं आहे हे ऐकणाऱ्यांना नीट माहीत होतं. ज्या राज्याने त्यांना कोंडलं त्याच राज्याच्या नभोवाणीने त्यांचा आवाज घरोघरी पोचवला. त्याच जुलैत बीबीसीने वेल्ससाठी स्वतंत्र विभाग सुरू केला. त्यासाठीची मागणी कित्येक वर्षांची होती.

त्या उन्हाळ्यात राष्ट्रीय आइस्टेदव्हॉड माखन्लेथ इथे भरला. मानाच्या अध्यक्षांत लंडनडेरी यांचं नाव होतं, तेच माजी हवाईमंत्री. त्यावर अनेक साहित्य-परीक्षकांनी आपलं काम सोडून दिलं. मेळ्याचा सगळा व्यवहार वेल्शमध्येच चालावा हा नियमही त्याच सुमारास संस्थेच्या घटनेत आला, जरी अंमल व्हायला आणखी बरीच वर्षं गेली. २७ ऑगस्टला तिघे सुटले. ११ सप्टेंबरला कार्नार्व्हनच्या पॅव्हिलियनमध्ये त्यांच्या स्वागताला दहा हजारांहून कितीतरी अधिक माणसं जमली. ज्या पक्षाला आठ वर्षांपूर्वी ६०९ मतं पडली होती, त्याच्या पुढाऱ्यांसाठी.

काय मिळालं, काय नाही

मतांच्या रूपाने काही मिळालं नाही. १९४३ च्या वेल्स विद्यापीठ मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीत लुइस उभे राहिले आणि हरले, तेही पक्षाचे एके काळचे उपाध्यक्ष डब्ल्यू. जे. ग्रिफिथ यांच्याकडून. पक्षाचा पहिला खासदार संसदेत जायला १९६६ उजाडलं. तळही हलला नाही. महायुद्धभर तो वापरात राहिला, आणि नंतर त्या जागेवर परत मायदेशी जाऊ न शकलेल्या पोलिश सैनिकांची आणि त्यांच्या कुटुंबांची वसाहत उभी राहिली.

मिळालं ते न्यायालयात. खटल्याने चारशे वर्षांपूर्वीचं भाषेचं कलम प्रत्येक घरात चर्चेला आणलं. १९३८च्या कार्डिफ आइस्टेदव्हॉडमधून वेल्शला न्यायालयात इंग्रजीच्या बरोबरीचं स्थान द्या, अशी मागणी करणारा अर्ज निघाला. त्यावर अडीच लाखांहून अधिक सह्या जमल्या. त्यातून १९४२चा वेल्श न्यायालय कायदा झाला. त्याने १५३६चं कलम रद्द केलं आणि दुभाष्याचा खर्च सरकारवर टाकला.

पण मागितलं होतं त्यापेक्षा मिळालं ते फार कमी. कायद्याने बरोबरी दिली नाही. वेल्श ही आपली स्वाभाविक भाषा असल्यामुळे इंग्रजीत आपण अडचणीत येऊ असं ज्याला वाटतं, त्यालाच वेल्शमध्ये बोलायची मुभा होती. म्हणजे हक्क इंग्रजी कच्चं असणाऱ्याचा. उत्तम इंग्रजी येणारे लुइस, व्हॅलेंटाइन किंवा विल्यम्स १९४२ नंतर पुन्हा आरोपी म्हणून उभे राहिले असते, तर ज्या कायद्याला त्यांच्या खटल्याने जन्म दिला त्याचाच आधार त्यांना मिळाला नसता. ही शंका नुसती तर्काची नव्हती. मर्थर टिडफिलच्या एका प्रकरणात उच्च न्यायालयाने १९६७ मध्ये स्पष्टच सांगितलं की वेल्समधल्या न्यायालयांची भाषा इंग्रजी आहे, आणि चांगलं इंग्रजी येणाऱ्याला वेल्शचा हट्ट धरण्याचा अधिकार नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये वेल्श भाषा कायदा मंजूर झाला आणि ज्याला इच्छा आहे अशा कोणालाही न्यायालयात वेल्शमध्ये बोलण्याचा हक्क मिळाला. तेव्हा लुइस ७३ वर्षांचे, व्हॅलेंटाइन ७४ आणि विल्यम्स ८२ वर्षांचे होते.